जमवलेली चांगली लोकर द्यायची तर कोणाला आणि कशी?

दोनसुया, पुणे

सर्वांना सप्रेम नमस्कार.

शाळेत शिवण-विणकामाच्या तासाला हातात आलेल्या सुया मी अजून खाली ठेवलेल्या नाहीत. यजमान बँकेत असल्यामुळे लग्नानंतरची बरीच वर्षे दिल्ली, जालंधर आणि शिमला अशा बदल्यांत गेली. तिकडे ऑक्टोबर लागला की लोकरीची दुकाने रस्त्यापर्यंत येतात आणि शेजारपाजारच्या बायका गच्चीवरच्या उन्हात, बसच्या रांगेत, कुठेही विणत बसलेल्या दिसतात. त्यांच्या संगतीत मी नुसते विणायलाच नव्हे, तर लोकर पारखायलाही शिकले. लोकर गालाला लावून पाहायची, पीळ उलटा फिरवून पदर मोजायचे आणि मनात भरली तर 'पुढे कधीतरी होईल काहीतरी' म्हणून घेऊन ठेवायची, ही सवय तिथलीच. परिणामी आज माझ्या ट्रंकेत लुधियानाची चार-प्लाय, म्हणजे चार पदरी बारीक लोकर आहे, पंजाबातल्या धारीवालच्या गिरणीची जुनी लोकर आहे, कुलूहून आणलेली अंगोरा सशाची लोकर आहे आणि भाची मेलबर्नहून येताना आणते ती मेरिनोही आहे. पुण्यात थंडी ती केवढी, तरीही तुळशीबागेत गेले की पाय लोकरीच्या दुकानाकडे वळतातच.

आता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडले आहे. अर्धा तास विणले की हात थांबवावा लागतो, आणि या गतीने ही लोकर माझ्या हयातीत संपणार नाही हे उघड आहे. मुलीला विणकामात रस नाही. सुनेला हातचे स्वेटर फार आवडतात, पण 'आई, स्वेटर द्या, ट्रंक नको' असे तिने प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगून टाकले आहे.

मध्यंतरी एका संस्थेला एक मोठी पिशवी भरून लोकर दिली होती. पुढच्या दिवाळीला ती त्यांच्या माळ्यावर, मी मारलेल्या गाठीसकट, तशीच दिसली. शेजारच्या मुलीला थोडी अंगोरा दिली, तर तिने शाळेच्या प्रकल्पासाठी सांताक्लॉजची दाढी केली. दाढी सुरेख झाली होती हे मान्य करायला हवे, पण माझा जीव तुटला.

ही लोकर कोणाच्या तरी सुयांवर चढावी, एवढीच माझी इच्छा आहे. ज्यांना उत्तम विणता येते त्यांच्या ट्रंका माझ्यासारख्याच भरलेल्या आहेत, आणि नवशिक्यांच्या हाती द्यावी तर वाया जाईल अशी धास्ती वाटते. शिवाय निम्म्या गुंड्यांवरच्या पट्ट्या हरवल्या आहेत, त्यामुळे शुद्ध कोणती आणि मिश्र कोणती, हे मलाही आता खात्रीने सांगता येत नाही. अशी लोकर कोणाला द्यावी आणि देण्यापूर्वी तिचे काय करावे, याविषयी जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

लडीगुंडा, डोंबिवली

काकू, नमस्कार. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय पहिला सुटत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा दुपारी विणणाऱ्या बायका जमतात, आणि कोणी गेल्यावर तिच्या घरून लोकरीची पोती आली की वर्गवारीचे काम बहुधा माझ्याकडे येते.

लोकर शुद्ध आहे की नाही हे ओळखायला घरातल्या घरात एक खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे जाळून पाहणे. वीतभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, खिडकीपाशी, काडीने पेटवावा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे राहिलेली काळी राख बोटांनी चुरली की तिची पूड होते. अॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळते आणि टोकाला कडक मणी तयार होतो, जो थंड झाल्यावर नखानेही फुटत नाही. सुती धागा भराभर जळतो आणि कागद जळल्यासारखा वास देतो. केसांचा वासही आला आणि मणीही राहिला, तर धागा मिश्र समजावा. रेशमाचाही वास केसांसारखाच येतो, पण तुमच्यासारख्या हाताला रेशीम आणि लोकर यांतला फरक स्पर्शानेच कळेल.

जाडी ठरवण्यासाठी धागा पट्टीभोवती, न ताणता, एकाशेजारी एक असा गुंडाळावा. एका इंचात चौदा-पंधरा किंवा त्याहून अधिक वेढे बसले तर साधारण चार-प्लाय, अकरा-बाराच्या आसपास बसले तर त्याहून जाड, म्हणजे डबल निट. मग प्रत्येक रंग किचनच्या काट्यावर तोलून, एका चिठ्ठीवर वजन, जाडी आणि 'शुद्ध' किंवा 'मिश्र' एवढे लिहून ती गुंड्यात खोचावी. जिथे पट्टी शिल्लक आहे तिथे एका वेळी रंगवलेल्या घाण्याचा क्रमांक, म्हणजे डाय लॉट, जरूर पाहावा. एकाच रंगाचे दोन गुंडे वेगवेगळ्या लॉटचे असतील तर घेणाऱ्याला तसे सांगावे. दोन ओळी एका गुंड्याने आणि दोन ओळी दुसऱ्याने विणल्या की फरक कपड्यात मुरून जातो, पण पाठ एका लॉटची आणि पोट दुसऱ्या लॉटचे झाले तर तो उन्हात लांबूनही दिसतो.

कसर लागली आहे का, हेही तपासावे. उडणारा बारीक पतंग निरुपद्रवी असतो, लोकर खाते ती त्याची अळी. गुंडा उलगडताना धागा पुन्हा पुन्हा हातभर लांबीचा तुटून येऊ लागला, किंवा गुंड्याच्या पोटात रवाळ कचरा दिसला, की तो गुंडा ताबडतोब वेगळा काढावा. ज्यांच्याविषयी शंका आहे ते घट्ट बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावेत. घरची मंडळी मटारशेजारी लोकर पाहून बोलतील, बोलू द्यावे.

आता कोणाला द्यावी. माझे मत असे की नवशिक्यांना द्यावी आणि त्यात मुळीच कमीपणा मानू नये. आपण सगळ्या जणी नव्या मुलीच्या हाती सर्वांत स्वस्त, करकर वाजणारे अॅक्रिलिक देतो, त्याचा पीळ सुईच्या टोकाने सुटतो, टाक्यात अर्धाच धागा येतो, आणि चार ओळींत ती ठरवून टाकते की हे आपल्याच्याने होणार नाही. खऱ्या लोकरीला अंगची लवचीकता असते. हात कमीजास्त ओढला गेला तरी धुऊन वाळवल्यावर टाके सारखे होतात आणि सुटलेला टाका जागेवर थांबतो, खाली धावत जात नाही. फक्त अंगोरा आणि मोहेर या केसाळ लोकरी तिला देऊ नयेत, कारण त्या उसवता येत नाहीत. काळा, गडद निळा हे रंगही नकोत, कारण त्यांत टाका दिसत नाही. फिकट रंगाची, घट्ट पिळाची डबल निट आणि आठ नंबरच्या सुया, शक्यतो बांबूच्या, एवढे दिले की पुरे.

आठनंबर, नाशिक

आपले म्हणणे वाचले, पण पूर्ण पटले नाही. (मी पुरुष असून विणतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर त्यावर चर्चा व्हायला नको.)

नवशिक्याला चांगली लोकर द्यावी हे तत्त्व म्हणून ठीक आहे, परंतु मेलबर्नहून आलेली मेरिनो नवशिक्याच्या अर्ध्या मफलरीत अडकून पडावी यात मला पुरुषार्थ दिसत नाही. दहा नवशिक्यांपैकी किती जण दुसरी वस्तू विणायला घेतात, हे आपल्या कट्ट्यावर आपणच पाहत असाल. मला वाटते, आपण एक मोठा वर्ग विसरत आहोत. तालुक्याच्या गावी आणि शहरांतल्या जुन्या वाड्यांतही अशा कितीतरी बायका आहेत, ज्यांचा हात आपल्यापेक्षा तयार आहे, ज्या नमुना न लिहिता, नुसता स्वेटर उलटसुलट करून पाहून वीण उचलतात, पण ज्यांनी आयुष्यभर अॅक्रिलिकशिवाय काही विणलेलेच नाही. कारण साधे आहे. परदेशी मेरिनोच्या 50 ग्रॅमच्या एका गुंड्याला जे पैसे पडतात, तेवढ्यात अॅक्रिलिकच्या अख्ख्या स्वेटरची सोय होते. यांतल्या काही जणी बाळंतविड्याचे सेट विणून चार पैसे मिळवतात, आणि गिऱ्हाईक मजुरी देतानाच कुरकुरते, तिथे लोकरीला कोण जास्त देणार?

1962 साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि कानटोप्या विणल्या. आई सांगत असे की त्यांच्या महिला मंडळात लोकर तोलून मिळे आणि तयार नग परत तोलून घेतला जाई. लोकर उत्तम होती, घरी कोणी तशी घेतली नसती, आणि ती हातून जाताना बायका शेवटचा टाका बंद करायला रेंगाळत असत. ज्या हातांना किंमत कळते त्या हातांत चांगली वस्तू गेली की काय होते, ते मला त्या आठवणीतून समजले. तेव्हा काकूंना माझी विनंती आहे की पहिला मान अशा तयार हातांना द्यावा, आणि देताना 'याचे आम्हाला काहीतरी करून द्या' असे म्हणू नये. स्वतःसाठी विणा, असे मुद्दाम सांगावे. ज्या बाईने घरादारासाठी विणले तिच्या अंगावर तिने स्वतः विणलेले काही आहे का, हे एकदा पाहावे.

खालचीपाळी, नागपूर

मी परिचारिका म्हणून नवजात बालकांच्या कक्षात बरीच वर्षे काम केले आहे. चांगली लोकर हाती आली की पुढचा विचार बहुधा 'रुग्णालयातल्या बाळांसाठी टोपरी विणून देऊ' असाच येतो, म्हणून दोन-तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील, आणि आपल्या पिढीच्या ट्रंकेत त्या असतातच, तर ती लोकर बाळासाठी तशीच वापरू नये. त्या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असते, ते धाग्यात मुरते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकाच्या तांबड्या पेशी त्याच्या संपर्काने फुटू लागतात. कावीळ वाढते आणि प्रसंगी बाळाला रक्त द्यावे लागते. कोणत्या बाळाला ही कमतरता आहे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. गोळ्यांतली लोकर बरेच दिवस मोकळ्या हवेत ठेवून, धुऊन मोठ्यांच्या कपड्यांसाठी वापरावी, आणि बाळासाठी नवी किंवा गोळ्यांशिवाय ठेवलेली घ्यावी. पुढच्यासाठी वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. त्याने कसर मरत नाही, पण वर्षातून दोनदा ट्रंक उन्हात रिकामी केली तर तिला वस्तीला जागा मिळत नाही.

दुसरी गोष्ट धुलाईची. रुग्णालयाची धुलाई गरम पाण्याची आणि जोरकस असते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, उष्णता, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि टोपरे आटून नारळाच्या करवंटीएवढे कडक होते. म्हणून कक्षासाठी विणायचे तर यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर किंवा मऊ सूत घ्यावे, आणि आधी त्या कक्षातल्या परिचारिकांना काय हवे ते विचारावे. हाताने धुण्याची शुद्ध लोकर घरच्या बाळंतविड्यासाठी राखावी, जिथे आजी स्वतः रिठ्याच्या कोमट पाण्यात कुंची बुडवणार आहे.

आणि कृपा करून हातमोज्यांच्या आणि पायमोज्यांच्या आत धागे लोंबते ठेवू नका. दोन रंगांच्या विणीत मागे आडवे धागे सुटतात, त्यात बाळाचे बोट अडकून धागा आवळला जातो, बाळ का रडते आहे ते कोणाला कळत नाही, आणि बोट सुजून जांभळे होईपर्यंत मोजा कोणी काढत नाही. रिबिनी, मणी आणि बटणे यांचेही तेच. साधी, एक सुलट एक उलट विणीची, न सैलावणारी टोपी सगळ्यांत उत्तम.

काखेतलीसुई, अॅबरडीन

काकूंचा अंगठा दुखतो हे वाचून मुद्दाम लिहीत आहे. मी मूळची साताऱ्याची, आता स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहते, आणि इथून रात्रभराच्या बोटीने शेटलंड बेटांवर जाता येते. तिथल्या जुन्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधून विणतात. पट्ट्याच्या पुढच्या बाजूला घोड्याचे केस भरलेली, भोके पाडलेली छोटी गादी असते. उजव्या सुईचे मागचे टोक त्या भोकात खोचले की सुई स्थिर राहते, कपड्याचे वजन मनगटावर येत नाही आणि उजव्या हाताला फक्त धागा टाकण्याचे काम उरते. आपल्याकडे लांब सुई काखेत धरणाऱ्या आज्या याच तत्त्वावर विणत होत्या, म्हणून मला ते पाहून परके वाटले नाही. पट्टा मिळणे अवघड असेल तर निदान लांब सुया काखेत धरून पाहाव्यात, किंवा गोल सुई घेऊन कपड्याचा भार मांडीवर टेकू द्यावा. मलमापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे.

आता देण्याविषयी. शेटलंडच्या प्राथमिक शाळांत मुलांना विणकाम शिकवले जात असे; 2010 साली तिथल्या परिषदेने खर्चकपातीत ते बंद केले. ज्या बेटांची ओळखच विणकाम आहे तिथे पुढच्या पिढीला टाका घालता येणार नाही, ही कल्पना लोकांना सहन झाली नाही, आणि काही वर्षांनी 'पीरी मॅकर्स' नावाचा उपक्रम उभा राहिला. पीरी म्हणजे तिथल्या बोलीत लहानगे. जाणते विणकर स्वेच्छेने शाळेच्या वयाच्या मुलांना, लहान लहान गटांत, त्याच पट्ट्यावर, बेटावरच्याच मेंढ्यांची लोकर देऊन शिकवतात. ती लोकर मेरिनोइतकी मऊ नसते, पण तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून अनेक रंगांच्या विणीला तिच्यासारखी दुसरी नाही. शिकण्यासाठी वेगळी, हलकी लोकर काढून ठेवण्याचा विचार तिथे कोणाच्या मनात येत नाही.

त्यामुळे नाशिकच्या काकांचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. नवशिक्या अर्ध्यावर सोडतो तो लोकर हाती देऊन देणारा निघून गेल्यामुळे. लोकरीबरोबर माणूस गेला पाहिजे, निदान पहिला टाका चुकेपर्यंत, तो उचलून देईपर्यंत आणि पहिली वस्तू सुईवरून उतरेपर्यंत. तेवढे होणार नसेल तर लोकर तयार हातांनाच द्यावी, त्याबाबत मी त्यांच्या बाजूने आहे.

लडीगुंडा, डोंबिवली

काकांचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी माझे मत थोडे मागे घेते. आमच्या कट्ट्यावर ज्या टिकल्या त्या शेजारी बसून शिकल्या होत्या, हे अॅबरडीनच्या ताईंचे उत्तर वाचताना लक्षात आले. बाकीच्यांना आम्ही पिशवी, सुया आणि शुभेच्छा दिल्या होत्या.

चिंचोका, सांगली

थोडे विषयाला लागून, थोडे बाजूचे. या चर्चेत 'चांगली' म्हणजे मऊ असे सगळ्यांनी गृहीत धरलेले दिसते. मऊपणा तंतूच्या जाडीवरून, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात. मेरिनोचा तंतू साधारण 24 मायक्रॉनच्या खाली, लडाखच्या चांगथांगमधल्या पश्मिन्याचा 12 ते 16 च्या दरम्यान, आणि आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीचा 30 च्या वर. त्यामुळे ही काळी लोकर अंगाला टोचते, हे खरे आहे. पण तिचीच घोंगडी सणगर खड्ड्याच्या मागावर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, आणि ती पावसाळी रानात मेंढपाळाच्या अंगावर वर्षानुवर्षे टिकते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात आणि जावळाची घोंगडी त्यातल्या त्यात मऊ असते. आज लोकरीला भाव नसल्याने मेंढपाळाला कातरणीचा खर्चही सुटत नाही आणि लोकर रानात टाकून दिली जाते.

सूत कातणाऱ्या बायका शोधून त्यांच्याकडून दोन पदरी पिळून घेतले, तर जाड सुयांवर त्याची आसने, पिशव्या, बाहेरून घालायची जाकिटे होतात. काकूंच्या ट्रंकेत मेलबर्न आहे, कुलू आहे. त्यांच्याच जिल्ह्यात, बारामती-इंदापूरकडे, मेंढरांचे कळप आहेत, ती लोकर मात्र नाही. वाटणाऱ्यांनी वाटताना हाही एक गुंडा गाठोड्यात ठेवावा, असे मनापासून वाटते.

दोनसुया, पुणे

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. ताटलीवर धागे जाळण्याचा कार्यक्रम पार पडला. मी शुद्ध समजून जपलेले मोतिया रंगाचे गुंडे मिश्र निघाले, आणि ज्याला सुनेने 'ती कसलीतरी खाकी' म्हणून बाजूला टाकले होते ती धारीवालची लोकर पूर्ण शुद्ध निघाली. गोळ्या ट्रंकेत होत्याच. त्या काढून टाकल्या आणि सगळी लोकर गच्चीवर जुन्या साड्यांवर पसरली आहे. सोसायटीतली निम्मी मंडळी काय चालले आहे ते पाहून गेली, आणि त्यांतल्या तीन मुली व एक निवृत्त गृहस्थ 'आम्हाला शिकवाल का' असे विचारून गेले. अर्धा तासच विणता येते, पण अर्धा तास शिकवायला अंगठा लागत नाही, त्यामुळे त्यांना हो म्हटले आहे.

मेरिनो आणि बारीक चार-प्लाय नाशिकच्या दादांच्या म्हणण्याप्रमाणे तयार हातांना द्यायची ठरवली आहे. माझ्या ओळखीच्या, सातारा रस्त्याला राहणाऱ्या एक बाई बाळंतविडे विणून देतात. त्यांना विचारले तेव्हा 'विकायचे काय करू' असाच पहिला प्रश्न आला, आणि स्वतःसाठी विणा म्हटल्यावर त्या जरा रागावल्याच. नंतर शालीसाठी कोणता रंग घेऊ म्हणून फोन आला. राखाडी घेतला.

दोन शंका उरल्या आहेत. एकेका वस्तूपुरती लोकर बांधून द्यायची तर किती ग्रॅम धरावी, कारण मी आजवर नेहमी भरपूर घेऊन ठेवत आले आणि अंदाजाची वेळच आली नाही. आणि मेलबर्नच्या पट्ट्यांवर सुया मिलिमीटरमध्ये दिल्या आहेत, आमच्या सगळ्या सुयांवर जुने नंबर आहेत, त्यांचा मेळ कसा घालावा?

लडीगुंडा, डोंबिवली

काकू, आपल्याकडे जुनी ब्रिटिश क्रमांकपद्धत अजून चालते, तिच्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. 4 मिमी म्हणजे आपली 8 नंबर, 3.75 म्हणजे 9, 3.25 म्हणजे 10, 3 म्हणजे 11 आणि 2.75 म्हणजे 12. डबल निटला 8 नंबर आणि चार-प्लायला 10 नंबर धरून सुरुवात करावी. 4 इंचांत डबल निटचे 22 आणि चार-प्लायचे 28 टाके येत असतील तर हात बरोबर आहे. जास्त आले तर सुई जाड घ्यावी, कमी आले तर बारीक.

वजनाचा अंदाज असा. बाळाचे टोपरे आणि पायमोजे मिळून चार-प्लायची 50 ग्रॅम पुरते. मोठ्यांच्या कानटोपीला डबल निटची 60 ते 70, मफलरीला 150 ते 200, दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 200, बाईच्या स्वेटरला 400 ते 500 आणि पुरुषाच्या स्वेटरला 500 ते 600 ग्रॅम धरावी. वेणीसारखी वीण, म्हणजे केबल, घातली तर लोकर बरीच जास्त खाल्ली जाते, तेव्हा एक गुंडा वर ठेवावा. राखाडी शालीसाठी चार-प्लायची 100 ग्रॅमची लडी सुमारे 400 मीटर भरत असेल तर एका लडीत खांद्यावरची तिकोनी छोटी शाल होते, अंगभर घ्यायची तर दोन लडी द्याव्यात.

धारीवालची खाकी बांधण्यापूर्वी धागा दोन्ही हातांत धरून जोराने ताणून पाहावा. फट्कन तुटला तर तो वयाने ठिसूळ झाला आहे. मग तो दुसऱ्या बारीक धाग्याबरोबर जोडीने विणायला सांगावे. न तुटला तर लडी करून चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळत टाकावी आणि पूर्ण वाळल्याशिवाय गुंडा करू नये. गुंडाही घट्ट वळू नये, नाहीतर ताणलेली लोकर विणली जाते आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आखडतो. आणि त्या निवृत्त गृहस्थांना आठ नंबरच्या सुया जड वाटल्या तर घाबरू नये, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच तशा वाटतात.